शुक्रवारच्या कहाणीतली राणी

श्रावणातल्या शुक्रवारी आमच्याकडे जिवतीची पूजा झाली की कहाणी वाचायचं काम माझं. सासूबाईंना आता बारीक अक्षर दिसत नाही. गेल्या श्रावणातली गोष्ट. भिंतीवर जिवतीचा नवा कागद लावला होता, त्यावरची आघाड्याची माळ जराशी तिरकी झाली होती, पुरणाच्या दिव्यांतलं तूप ताटलीत उतरलं होतं आणि मुलं चण्याफुटाण्यांच्या वाटीवर डोळा ठेवून बसली होती. 'पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' म्हणून मी हात जोडले, तेवढ्यात नणंदेच्या मुलीने विचारलं, "मामी, राणी वाईट होती ना?" मी काही बोलायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "स्वार्थी मेली. दुसरीचं तान्हं उचलून आणलं. अशानं का कुणी आई होतं?" माझी धाकटी जाऊ पदराला हात पुसत उठली आणि दूध गरम करायला आत गेली. दूध मघाशीच गरम झालं होतं.

आत्याबाईंच्या मनात काही नव्हतं, हे मला ठाऊक आहे. त्या कहाणीतल्या राणीबद्दल बोलल्या. पण जावेच्या फ्रिजच्या दारात कोथिंबिरीच्या डब्याशेजारी इंजेक्शनांची खोकी असतात. ती रोज ठरल्या वेळी स्वयंपाकघराचं दार लोटून घेते, पोटावर चिमूट धरते आणि स्वतःच सुई टोचून घेते. मग दार उघडून पोळ्या लाटायला लागते. पोटावर निळे-हिरवे डाग पडलेत, ते तिने एकदा मला दाखवले होते. घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. त्या संध्याकाळी तो 'स्वार्थी' शब्द आमच्या घरात जो आला, तो काही केल्या बाहेर जाईना. भांडी घासताना, बसमध्ये, रात्री अंथरुणावर पडल्यावर मी त्या राणीचाच विचार करायला लागले. इतकी वर्षं ही कहाणी वाचतेय, पण राणीपाशी कधी थांबले नव्हते. कहाणीच थांबत नाही. आटपाट नगर होतं, राजाला मुलगा नव्हता, राणीनं सुइणीला बोलावलं आणि 'मला नाळवारीसुद्धा, म्हणजे नाळेसकट, एक मुलगा गुपचूप आणून दे' म्हणाली. एवढ्या तीन वाक्यांत तिचा सगळा जन्म उरकला जातो, आणि आपण पुढे त्या गरीब ब्राह्मणाच्या बायकोकडे जातो, कारण आपलं सगळ्यांचं मन तिच्याकडेच लागलेलं असतं.

पण 'राजाला मुलगा नव्हता' हे वाक्य नीट ऐकावं. मूल नाही ते राजाला, आणि धावाधाव करायची राणीनं. तिला मूल हवं होतं की राज्याला वारस हवा होता की राजानं दुसरी राणी आणू नये एवढंच हवं होतं, कहाणी काहीच सांगत नाही. मला वाटतं ही तिन्ही कारणं तिच्या पोटात एकमेकांत गुंतलेली असणार, आणि तिचं तिलाही त्यांतलं कुठलं कुठे संपतं ते सांगता आलं नसतं. जिला मूल सहज होतं तिला कुणी विचारतं का, की बाई, तुला कशासाठी हवं होतं? मला कुणी विचारलं नाही. लग्नानंतर मला मुलगी झाली, पेढे वाटले गेले. मला ती म्हातारपणाची काठी म्हणून हवी होती की घरात सारखी चौकशी व्हायची म्हणून हवी होती की तिच्या टाळूचा वास घ्यायचा होता म्हणून, याचा हिशेब कुणी मागितला नाही आणि मीही मांडला नाही. जिची कूस उजवत नाही तिलाच आपल्या इच्छेची कारणं द्यावी लागतात. जाऊ म्हणते, "उपचार घेतले तर म्हणतात, स्वतःच्याच रक्ताचं हवं हा केवढा हट्ट, किती अनाथ मुलं आहेत जगात. दत्तकाचं काढलं तर म्हणतात, परक्याचं कशाला, देव देईल की. आणि दोन्ही नको म्हटलं तर म्हणतात, हिला जबाबदारीच नको. ताई, मग निःस्वार्थी बाईनं नेमकं करायचं तरी काय?" त्या वेळी आम्ही दोघी मेथी निवडत होतो. मला उत्तर सुचलं नाही.

राणीचे ते नऊ महिने मात्र मी आता डोळ्यांसमोर आणू शकते. सुइणीनं तिला शिकवलं की डोहाळ्यांचं सोंग घ्यायचं आणि पोट मोठं दिसावं म्हणून लुगड्याच्या घड्या बांधायच्या. कहाणीत हे युक्ती म्हणून येतं, ऐकताना बायका हसतातही. पण एखाद्या सकाळी ती दार लावून एकटीच उभी आहे, कालच्यापेक्षा एक घडी जास्त घेतेय, गाठ मारतेय आणि आरशात बघतेय, हे नुसतं मनात आणावं. तो आकार आपल्याला असा शोभतो, हे तिनं पाहिलं असेल. हात आपसूक त्या घड्यांवर ठेवला गेला असेल. तिची ओटी भरली असेल, डोहाळजेवण झालं असेल, हिरव्या साडीत फुलांच्या वाडीनं सजवून तिला बसवलं असेल आणि सवाष्णींनी कौतुक केलं असेल. आत नुसत्या घड्या. पुढे 'बाळंत' झाल्यावर दहा दिवस ती बाजेवर पडली असेल, खाली शेगडी, ओव्याची धुरी. दूध यावं म्हणून अळिवाची खीर, डिंकाचे लाडू. ज्या अंगाला कळ लागली नाही, त्या अंगाला रोज तेल चोळून घ्यायचं. बाळ रडल्यावर छातीशी धरायचं आणि काही नसायचं. दाई असेल, राजवाडा होता. तरी रात्री ते मूल शांत होत नसताना पहिल्यांदा कधीतरी तिच्या खांद्यावर मान टाकून झोपलं असेल, आणि त्या क्षणी ती आई झाली असेल, असं मला मनापासून वाटतं. यात मला स्वार्थ दिसत नाही. हवंसं वाटणं तेवढं निर्मळच आहे.

पण तो वरवंटा आहे.

राणीची बाजू घेत घेत मी तिथपर्यंत येते आणि अडते. राजवाड्यापासून त्या गरिबाच्या घरापर्यंत भुयार खणलं गेलं. सुईण त्या बाईला म्हणाली, तू पहिलटकरीण, भिशील, म्हणून डोळे बांधते. डोळे बांधून तिनं कळा सोसल्या. मूल भुयारातून गेलं, आणि पट्टी सोडली तेव्हा पुढ्यात वरवंटा होता, त्याला कुंचा बांधलेला. तुला वरवंटा झाला. लहानपणी मला याचं हसू यायचं. आमच्या स्वयंपाकघरात पाट्यावर वरवंटा असायचाच, चटणीनं लाल झालेला, आणि तो कुणाला होईल कसा हे मला कळायचं नाही. बाळंत झाल्यावर कळलं. नऊ महिने वाढवलेलं अंग मोकळं झालेलं, दूध उतरायला लागलेलं, आणि शेजारी थंडगार दगड. मूल नेलं हे एक. पण तिला जे सांगितलं त्याचा अर्थ असा, की तुझ्या पोटातून जे आलं ते मूल नव्हतंच. रडायचं तरी कुणासाठी? मूल गेलेल्या बाईजवळ निदान शेजारणी येऊन बसतात. वरवंटा झालेल्या बाईजवळ कोण बसणार?

आणि तरी तिनं काय केलं बघा. श्रावण आला, शुक्रवारी तिनं जिवतीची पूजा मांडली, नमस्कार केला आणि म्हणाली, जय जिवती आई माते, जिथं माझं बाळ असेल तिथं ते खुशाल असो. चारी दिशांना तांदूळ उडवले. म्हणजे तिनं वरवंट्यावर विश्वास ठेवलाच नव्हता. कुणी सांगितलं नाही, पुरावा नाही, पण तिच्या अंगाला ठाऊक होतं. बाळ आहे, आणि कुठेतरी आहे. तिनं 'परत दे' असं मागितलं नाही, याचं मला दर वर्षी नवल वाटतं. तिनं हिरवं लुगडं सोडलं, हिरव्या बांगड्या सोडल्या, कारल्याच्या मांडवाखालून जाणं सोडलं, तांदळाचं धुवण ओलांडणं सोडलं. सगळी बंधनं स्वतःवर घेतली आणि मागितली ती फक्त खुशाली. ते तांदूळ राजवाड्यातल्या पोराच्या डोक्यावर पडायचे. आजही आमच्याकडे ज्यांची मुलं लांब आहेत त्या बायका तसेच तांदूळ उडवतात. आत्याबाईंचा मुलगा जर्मनीत असतो. त्या आधी विचारून घेतात, पश्चिम कुठली, आणि मग टीव्हीच्या भिंतीकडे मूठभर अक्षता टाकतात. दुसऱ्या दिवशी केर काढताना ते दाणे सोफ्याखालून निघतात.

आत्याबाईंना हीच आई जवळची वाटणार, हे उघड आहे. तिची ओढ खरी आणि राणीची खोटी, असा निकाल त्यांनी लावला तो अक्षता टाकलेल्या हातानं लावला. मला मात्र दोघींची ओढ एकाच जातीची वाटते. दोघी एकाच पोरासाठी तळमळल्या. एकीला ते जवळ घ्यायला हवं होतं म्हणून तिनं दुसरीचे डोळे बांधले. दुसरीला तर डोळे भरून बघायलाही मिळालं नाही, आणि तिनं दुरून त्याचं बरं चिंतलं. स्वार्थ शोधायचाच असेल तर तो पट्टीच्या त्या गाठीत शोधावा.

जिवतीच्या कागदावर चार चित्रं असतात. नरसिंह, कालियावर नाचणारा कृष्ण, हत्तीवर आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती, आणि मधे पोराबाळांनी वेढलेल्या जरा-जिवंतिका. यातली जरा म्हणजे महाभारतातली राक्षसी. मगधाचा राजा बृहद्रथ, त्याला दोन राण्या आणि मूल नाही. ऋषीनं एक आंबा दिला, राण्यांनी तो अर्धा अर्धा खाल्ला आणि दोघींना अर्धं अर्धं मूल झालं. घाबरून दायांकरवी ते तुकडे टाकून दिले. जरेनं ते उचलले, जुळवले, आणि मूल रडायला लागलं. पुढचं मला फार मोठं वाटतं. तिच्या हातात एक जितंजागतं, धडधाकट मूल होतं, कुणाला नको म्हणून टाकलेलं. तिनं ते नेऊन राजाच्या ओटीत घातलं. तोच जरासंध. मांस खाणारी राक्षसी म्हणून जी ओळखली जायची तिला आपण भिंतीवर लावतो, माळ घालतो, आपली मुलं तिच्या भरवशावर ठेवतो. राणीची कहाणी नेमकी तिच्याच चित्रासमोर वाचली जाते, हे ज्या कुणा बाईनं जुळवून आणलं असेल तिला फार कळत होतं.

दुसऱ्याच्या पोटचं मूल आपलं करायला भुयार लागत नाही, हे आपल्याकडे पुण्यातच घडून गेलंय. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांना मूल नव्हतं. जोतीरावांनी दुसरं लग्न करावं म्हणून घरच्यांनी आग्रह धरला होता, आणि ते बधले नाहीत. १८६३ मध्ये त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. १८७४ मध्ये तिथेच एका ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा दोघांनी आपला म्हणून वाढवला, तोच यशवंत. गुप्तता इथेही होती, पण ती होती बाळंतिणीचा जीव आणि अब्रू वाचवण्यासाठी. मुलाचं मूळ फुल्यांनी झाकलं नाही. जोतीरावांनी १८८७ मध्ये मृत्युपत्र केलं ते यशवंताला वारस करून. तो पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रोगी उचलून त्याच्याच दवाखान्यात आणत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. सावित्रीबाईंना मूल हवं होतं का, किती हवं होतं, मला कल्पना करवत नाही. त्या काळी गावानं त्यांना काय काय म्हटलं असेल त्याची मात्र येते. ज्या बाईला शाळेच्या वाटेवर शेण झेललं म्हणून लोक ओळखतात, तिनं हळदीकुंकवाला पाठमोऱ्या झालेल्या बायकाही झेलल्या असतील.

आता कायदा आहे. मूल सोडून देणाऱ्या आईला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात, तेवढ्या अवधीत ती परत येऊन 'माझं मला द्या' म्हणू शकते, आणि तोवर ते मूल कुणालाही दत्तक देता येत नाही. जावेनं दत्तकाची माहिती काढायला सुरुवात केली तेव्हा हे तिनंच मला सांगितलं. तिच्याबरोबर माहिती घ्यायला आलेली एक बाई चिडली होती, की इतकं थांबल्यावर आणखी कशाला थांबायचं. जाऊ म्हणाली, "मला ते दोन महिने बरे वाटले. कुणाचे डोळे बांधून नाही येणार ना ते." ती शुक्रवारच्या कहाणीबद्दलच बोलत होती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. भाड्याच्या गर्भाशयाचा व्यवहार २०२१ च्या कायद्यानं बंद झाला, त्याबद्दल तिचं मत वेगळं आहे. गरीब बाईला पैसे मिळत होते तेवढेही गेले, असं ती म्हणते. मला त्यात सुईण दिसते, 'पुष्कळ द्रव्य देईन' ऐकल्यावर गरोदर गरीब बाई शोधायला निघालेली. आमचं यावर एकमत झालेलं नाही.

कहाणीत राणीला शिक्षा होत नाही. आत्याबाईंना ते खटकतं, मला नाही. कारण तिनं केलेल्या लपवाछपवीचं फळ कहाणी दाखवते, आणि ते भयंकर आहे. मुलगा मोठा झाला, राजा झाला. एक दिवस राळे राखत बसलेली ती बाई त्याच्या नजरेस पडली आणि तिच्यावर त्याची वासना गेली. रात्री तिच्या घराशी गेला, अंधारात वासराच्या शेपटीवर पाय पडला, वासरू गायीला म्हणालं, कुणा पाप्यानं माझ्या शेपटीवर पाय दिला? गाय म्हणाली, जो आपल्या आईकडे जायला भीत नाही, तो तुझ्या शेपटीवर पाय द्यायला काय भिणार? मुलं समोर असली की मी हा भाग भरभर वाचते. पण मोठ्या बायकांनी तो सावकाश ऐकायला हवा. ज्याला आपली आई कोण हे ठाऊक नाही, तो किती टोकाशी जाऊन उभा राहू शकतो, हे सांगायला त्या जुन्या बायकांनी आडपडदा ठेवला नाही. आणि त्याला थांबवलं कुणी, तर गोठ्यातल्या एका आईनं.

तो परत फिरला, काशीला निघाला. वाटेत एका घरी उतरला, तिथे मुलं जन्मायची आणि पाचव्या-सहाव्या दिवशी जायची. तो दाराशी आडवा झोपला. रात्री सटवी आली, म्हणाली, कोण मेलं वाटेत पसरलंय? जिवती म्हणाली, माझं नवसाचं बाळ निजलंय, मी त्याला ओलांडू देणार नाही. त्या घरचं मूल जगलं. चोरलेलं पोर, दोघी आयांनी आपापल्या परीनं वाढवलेलं, एकीच्या अन्नावर आणि एकीच्या अक्षतांवर, तिसऱ्याच कुणा आईच्या दारात राखणीला पडलं होतं. आत्याबाईंनी एकदा हा भाग पुन्हा वाचायला लावला होता मला. त्यांचं पहिलं मूल सहाव्या दिवशी गेलं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

गयेला पिंड देताना पाण्यातून दोन हात वर आले. कारण कळेना. घरी जाऊन सगळ्या गावाला जेवायला घाल, असं सांगितलं गेलं. त्या बाईनं निरोप पाठवला की माझे असे असे नेम आहेत. राजानं कारल्याचा मांडव काढवला, धुवणाची जागा सारवून घेतली, तांबडं लुगडं आणि तांबड्या बांगड्या धाडल्या. पंगत बसली. राजा तूप वाढत तिच्या पानापाशी आला आणि तिला पान्हा फुटला, धार त्याच्या तोंडात उडाली. तो तुपाचं भांडं तिथेच ठेवून आत गेला आणि रुसून निजला. तेव्हा राणी त्याच्यापाशी आली. ती तुझी खरी आई, मी तुझी मानलेली आई, असं म्हणून तिनं सगळी हकिकत सांगितली. कुणी धमकावलं नव्हतं. सुईण कहाणीतून केव्हाच गेली होती, भुयार कधीचं बुजलं असेल. 'दृष्ट लागली असेल' म्हणून ती वेळ मारून नेऊ शकली असती. इतक्या वर्षांनी, इतक्या जिवापाड जपलेलं एकुलतं एक नातं पणाला लावून ती खरं बोलली. आत्याबाईंना मी हेच सांगितलं, मागच्या महिन्यात, त्या राहायला आल्या होत्या तेव्हा. स्वार्थी बाईला हे जमलं नसतं हो, म्हटलं. त्या बराच वेळ वाती वळत राहिल्या. मग म्हणाल्या, "लेकाला सांगितलं गं तिनं. पण त्या बाईला?"

मी पोथी काढून पाहिली. मुलानं खऱ्या आईबापांना राजवाड्याजवळ वाडा बांधून दिला, सगळी आनंदानं राहू लागली, एवढंच आहे. पान्हा फुटल्यावर त्या बाईला काय ते कळलंच असणार. पण तुला वरवंटा झाला नव्हता, ते मी करवलं, असं राणी तिच्यापुढे उभी राहून म्हणाल्याचं कहाणीत कुठेही नाही. आत्याबाईंना मी तसं सांगितलं. "मग?" त्या म्हणाल्या, "ते तिनं करायलाच हवं होतं." यावर मात्र आमचं दोघींचं जमलं.